स्वस्त भाव आणि रास्त भाव

पौडापासून ताम्हिणीच्या घाटापर्यंत आमच्या मुळशी तालुक्यात जी गावे व वाड्या पसरल्या आहेत, त्यांतील पुष्कळ ठिकाणी एखादे तरी किराणा मालाचे दुकान असते. तेल, मीठ, साखर, साबण, काडेपेटी, चहाची पुडी असा नित्याचा माल तेथे मिळतो. आणि ओळखीच्या घरास "शेठ, वहीत मांडून ठेवा" एवढे म्हटले म्हणजे तो उधारही मिळतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर भूगाव, पिरंगुट, हिंजवडी ह्या भागांस शहर येऊन भिडले आहे, आणि पुण्यात व त्याच्या उपनगरांत डी-मार्टसारखी मोठी दुकाने झाली आहेत. तेथे पुडक्यावर छापलेल्या किमतीहून बऱ्याच कमी भावाने माल विकला जातो. कारखान्यात कामास जाणारा तरुण पगार झाला की तिकडून दोन पिशव्या भरून आणतो, त्या घरात ठेवतो, आणि म्हणतो, "आपला गावचा दुकानदार आपल्याला लुटतो."

हे म्हणणे खरे आहे काय? जो कमी भाव घेतो तो न्यायी, आणि जो अधिक घेतो तो लुटारू, असा नियम धरून चालता येईल काय? वरवर पाहता हा केवळ हिशेबाचा प्रश्न दिसतो. परंतु ज्या अर्थी ह्या प्रश्नाच्या उत्तरावरून आपण आपल्या शेजाऱ्यास चांगला किंवा वाईट ठरवितो, त्या अर्थी हा नीतीचाही प्रश्न आहे. आणि शेजाऱ्याविषयी बोलण्यापूर्वी त्याचा हिशेब समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरून आमच्याबरोबर आधी हिशेब पाहावा, आणि मग न्याय करावा.

प्रथम छापील किमतीविषयी. बांधीव मालावर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, जिला लोक 'एमआरपी' म्हणतात, तीच वस्तूची खरी किंमत होय अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत बरोबर नाही. बांधीव मालाविषयीचे नियम आपल्या देशात १९७७ साली झाले, आणि सर्व करांसह कमाल किंमत पुडक्यावर छापलीच पाहिजे हा दंडक १९९० साली आला. सध्या ह्याविषयी २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. त्या आकड्याहून एक पैसाही अधिक घेणे गुन्हा आहे. परंतु कमी घेण्यास कोणतीच आडकाठी नाही. म्हणजे हा आकडा घराच्या आढ्यासारखा आहे. त्याच्यावर जाता येत नाही एवढेच तो सांगतो. मनुष्याने किती उंचीवर उभे राहावे हे तो सांगत नाही. शिवाय हा आकडा सरकार ठरवीत नाही, माल करणारा स्वतः ठरवितो. त्याने तो आधीच मोठा छापला, तर 'शंभराची वस्तू सत्तरीला' असे लिहिणे दुकानदारास सोपे जाते, आणि गिऱ्हाईक तीस रुपये वाचविल्याच्या आनंदात घरी जाते. म्हणून किती सूट मिळाली ह्यावरून भाव स्वस्त की महाग हे ठरवू नये. दर ग्रॅमास किंवा दर मिलिलिटरास काय पडते ते पाहावे. बांधीव मालावर हा दर छापण्याचा नियम आता झाला आहे. अक्षरे बारीक असतात, पण घरातल्या शाळकरी मुलाकडून ती वाचून घ्यावीत.

आता नफ्याविषयी. दुकानदाराने एक वस्तू नव्वद रुपयांस घेऊन शंभरास विकली, तर त्याच्या हाती दहा रुपये राहिले. हे दहा रुपये म्हणजे त्याची कमाई नव्हे. त्यातून जागेचे भाडे, विजेचे बिल, माल आणण्याचे वाहनभाडे, उंदरांनी कुरतडलेले व मुदत संपलेले पुडे, आणि बुडालेली उधारी ही सर्व वजा करावयाची असतात. जे उरते ते त्याचे व त्याच्या बायकामुलांचे. म्हणून 'शंभरामागे दहा' ह्या बोलण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे खरेदी व विक्री ह्यांतील अंतर. आणि दुसरी, सर्व खर्च भागल्यावर उरणारा निव्वळ नफा.

मोठ्या दुकानाचा हिशेब आपणांस अटकळीने करण्याचे कारण नाही, कारण त्यांची कंपनी आपले आकडे दर वर्षी प्रसिद्ध करते. राधाकिशन दमाणी ह्या मुंबईच्या गृहस्थांनी डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवई येथे उघडले. त्यांची कंपनी, अव्हेन्यू सुपरमार्ट्स, २०१७ साली शेअर बाजारात आली. मार्च २०२४ अखेर संपलेल्या वर्षात तिची दुकाने साडेतीनशेहून अधिक होती. त्या वर्षी तिची विक्री सुमारे पन्नास हजार कोटी रुपयांची झाली, आणि निव्वळ नफा सुमारे अडीच हजार कोटींचा. म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांपैकी साधारण पंच्याऐंशी मालाच्या खरेदीत गेले, दहाएक रुपये पगार, वीज, कर इत्यादींत गेले, आणि पाच रुपये मालकांस उरले. विक्रीचा निम्म्याहून अधिक भाग खाद्यपदार्थांचा असतो, आणि त्यावर नफा थोडा. कपडे व घरगुती वस्तू ह्यांवर तो अधिक. साखर घेण्यास गेलेल्या बाईच्या पिशवीत प्लास्टिकचे डबे व एक सदरा कसा येतो, ह्याचे उत्तर त्या मांडणीत आहे.

एवढ्या थोड्या नफ्यावर असे दुकान कसे चालते? ह्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, जागा भाड्याने घेण्याऐवजी बहुतेक ठिकाणी ती स्वतःच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या करारावर घेतलेली असते, म्हणून दर महिन्याचे भाडे डोक्यावर बसत नाही. दुसरे, माल पुरविणाऱ्याचे पैसे थोड्याच दिवसांत चुकते केले जातात. आणि ज्याला पैसे लवकर मिळतात तो भावात सवलत देतो, हे आमच्या भाजीवाल्या बहिणींसही ठाऊक आहे. तिसरे व सर्वांत मोठे कारण हे की, माल फळीवर पडून राहत नाही. समजा, दोन दुकानदारांनी प्रत्येकी दहा हजार रुपयांचा माल भरला. एकाने शेकडा दहा नफा ठेविला, पण त्याचा माल वर्षातून चारच वेळा खपला. त्याला वर्षाचे चार हजार मिळाले. दुसऱ्याने शेकडा पाचच ठेविला, पण त्याचा माल दर महिन्यास खपला. त्याला सहा हजार मिळाले. ज्याने गिऱ्हाइकाकडून कमी घेतले त्याने अधिक मिळविले. ह्यात कपट नाही, जादू नाही. काटकसर, शिस्त व खप ह्यांचे हे फळ आहे. म्हणून 'एवढ्या स्वस्तात देतात, म्हणजे काहीतरी खोटे असणारच' असा आरोप पुराव्यावाचून कोणी करू नये.

परंतु ह्याच हिशेबाने गावच्या दुकानदाराविषयीचा आरोपही खोटा ठरतो. त्याच्या वाडीत साठ घरे असली, तर तो खप कोठून आणणार? तो एका वेळी साबणाच्या दोन पेट्या घेतो. त्याला कंपनीचा मनुष्य मोठ्या दुकानाचा भाव कसा देईल? पावसाळ्यात वाट बंद झाली म्हणजे माल आणण्याचा खर्च वाढतो, आणि ओलीने साखर पाझरते. जे तेल मोठ्या दुकानात गिऱ्हाइकास ज्या भावाने मिळते, त्याहून अधिक भावाने गावच्या दुकानदारास ते घाऊक पेठेत घ्यावे लागते, असेही घडते. तो छापील किंमत घेतो ती लुटण्यासाठी नव्हे, तर त्याखाली गेला तर त्याच्या घरची चूल पेटणार नाही म्हणून. ह्याशिवाय तो आपणांस आणखी काही देतो, जे पुडक्यावर छापलेले नसते. तो जवळ आहे. रात्री पाहुणा आला तर दार वाजविता येते. पाच रुपयांचे तेल मागितले तरी तो हसत नाही. आणि हातात पैसा नसताना तो माल देतो.

ह्या शेवटल्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. उधारी फुकट नसते. तिचे मोल कोणीतरी देत असतो. समजा, एका घराने महिन्याभरात तीन हजारांचा माल वहीत मांडून नेला. दुकानदारास तो सत्तावीसशेस पडला होता. त्याची आशा तीनशे रुपयांची. ते सत्तावीसशे त्याने शेकडा दोन दरमहा व्याजाने काढलेले असले, तर दर महिन्यास चौपन्न रुपये व्याज चढते. आपण पाच महिने पैसे दिले नाहीत, तर दोनशे सत्तर रुपये व्याजात गेले, आणि त्याच्या हाती तीस रुपये राहिले. सहाव्या महिन्यास तो पदरचे घालू लागला. आता ज्या तरुणाने पगाराचे रोख पैसे मोठ्या दुकानात मोजले, आणि पगार संपल्यावर महिनाअखेरीस गावच्या दुकानातून उधार नेले, त्याने काय केले ते पाहा. स्वस्ताईसाठी तो तिकडे गेला ह्यास आम्ही दोष देत नाही. परंतु त्याने रोख तिकडे नेले व उधारी इकडे ठेविली. ज्याचे पैसे आपण अडकवून ठेविले आहेत, त्याच्याच पैशाच्या बळावर आपण दुसरीकडे रोखीने स्वस्त माल घेतो, आणि वर त्यालाच लुटारू म्हणतो! ह्यात लुटणारा कोण व लुटला जाणारा कोण?

कोणी म्हणेल, 'दुकानदारांनी पूर्वी गरिबांस पुष्कळ नाडले आहे, ते विसरावयाचे काय?' ते विसरू नये. आमच्याच पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी, १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या ठिकाणी शेतकरी जमले, आणि त्यांनी वाणी-सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जाचे कागद जाळले. तेथून हा दंगा आसपासच्या गावांत व नगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. जो दुकानदार तोच सावकार, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर, अशी ती स्थिती होती. त्या लोकांचा राग भाव चार पैसे अधिक होता म्हणून नव्हता. वहीत काय लिहिले आहे हे त्यांना कळत नव्हते, आणि जाण्यास दुसरे दुकान नव्हते, म्हणून होता. आज ज्याला दुसरे दुकान आहे व ज्याच्या मुलास हिशेब येतो, त्याला तो अन्याय सोसण्याचे कारण नाही. मोठ्या दुकानाने गावच्या दुकानदारास वाजवी भावाची आठवण करून दिली, हा त्याचा एक खरा उपकार आहे, आणि तो आपण प्रामाणिकपणे कबूल करावा. तथापि पूर्वजांच्या काळातील सावकाराचा सूड आजच्या गरीब वाण्यावर उगवणे हा न्याय नव्हे.

तर मग स्वस्ताईची कसोटी कोणती? आमच्या मते ती अशी: भाव कमी झाला तो कोणाच्या वाट्यातून कमी झाला हे विचारावे. दुकानदाराने आपली उधळपट्टी कमी केली, माल लवकर खपविला, आपल्याच नफ्यातून थोडे सोडले, तर ती स्वस्ताई सद्गुणाची. परंतु जेथे मापात मारले जाते, नोकरास कायद्याने ठरलेले वेतन न देता बारा तास उभे केले जाते, किंवा माल देणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे महिनोन्महिने अडकविले जातात, तेथे भाव कमी झालेला नाही. तो दुसऱ्याच्या खिशातून भरला गेला आहे. लहान उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ च्या कायद्याने सांगितले आहे; तसा कायदा करावा लागला, ह्यावरूनच हा दोष किती पसरला होता ते दिसते. तसेच प्रतिस्पर्ध्यास बुडविण्यासाठी काही दिवस तोट्यात विकावयाचे, आणि तो उठून गेल्यावर भाव चढवावयाचे, ही स्वस्ताई म्हणजे गळाला लावलेले आमिष होय. बाजारात वरचष्मा असलेल्या धन्याने असे करण्यास २००२ च्या स्पर्धा कायद्याने मनाई केली आहे.

आणखी एक स्वस्ताई आहे, जी आमच्या मुळशीकरांच्या घरालाच लागते. येथला आंबेमोहोर तांदूळ सर्वांस ठाऊक आहे. भात शिजू लागले म्हणजे आंब्याच्या मोहोरासारखा वास घरभर सुटतो. परंतु ह्या भाताचे पीक कमी येते, ते उंच वाढून वाऱ्यापावसाने लोळते, म्हणून ते स्वस्तात विकणे शेतकऱ्यास परवडत नाही. बाजारात मात्र परप्रांतीचा, दिसण्यावासाने जवळचा असा तांदूळ आंबेमोहोराच्या नावाने कमी भावात विकला जातो. घेणारा म्हणतो, 'तिकडे आंबेमोहोर एवढ्यास मिळतो, तू अधिक का मागतोस?' आणि खरा आंबेमोहोर करणारा हळूहळू ते बियाणे सोडून देतो. येथे स्वस्ताई झाली ती खोट्या नावातून. खोट्या तराजूचा आमच्या शास्त्राने कडक निषेध केला आहे. खोटे नाव हाही खोटा तराजूच होय. आणि येथे एक गोष्ट लक्षात यावी: जो मनुष्य आपला तांदूळ विकताना वाजवी भाव मागतो, पण साबण विकत घेताना विकणाऱ्यास वाजवी नफा देण्यास कुरकुरतो, त्याच्या घरी दोन वजने आहेत, एक घेण्याचे व एक देण्याचे.

नफा किती असावा ह्याविषयी विचारी लोकांनी पूर्वीही पुष्कळ चिंतन केले आहे. मार्टिन लूथर ह्यांनी १५२४ साली व्यापारावर एक लहान ग्रंथ लिहिला. 'माझा माल मी जितका महाग विकता येईल तितका विकीन' हे व्यापाऱ्यांचे ब्रीद त्यांनी सर्व अनर्थाचे मूळ ठरविले, कारण त्यात शेजाऱ्याच्या गरजेकडे पाहणे नसून तिचा फायदा घेणे असते. त्याबरोबर व्यापाऱ्याने आपला खर्च, श्रम व जोखीम भरून काढावी हेही त्यांनी मान्य केले. आणि श्रमाचे मोल कसे ठरवावे? तर मजुरास दिवसाचे काय मिळते ते पाहून आपल्या दिवसांचा हिशेब करावा, असा साधा मार्ग त्यांनी सुचविला. पाचशे वर्षे झाली तरी हे माप जुने झालेले नाही. गावचा दुकानदार पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून महिनाअखेर मजुराइतकेही मिळवीत नसेल, तर त्याचा भाव अधिक असूनही त्याला लुटारू म्हणता येत नाही. आणि एखादा मोठा धनी शंभरामागे पाचच घेत असला, तरी त्याचे नोकर व माल पुरविणारे पोटभर खातात की नाही हे विचारल्यावाचून त्याला दयाळू म्हणता येत नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स ह्यांच्या अनुयायांनी, ज्यांना क्वेकर म्हणतात, दुसरी एक रीत पाडली. त्या काळी दुकानदार दुप्पट सांगे व घासाघीस करून अर्ध्यावर येई. क्वेकर म्हणाले की, जे घ्यावयाचे नाही ते मागणे म्हणजे असत्य बोलणे होय. म्हणून ते एकच भाव सांगू लागले. आरंभी गिऱ्हाइके बिचकली. परंतु लहान मूल पाठविले तरी तोच भाव लागतो असे दिसून आल्यावर लोक त्यांच्याकडेच येऊ लागले. ह्यावरून न्याय्य भावाचा एक गुण कळतो: तो अडाण्यास व शहाण्यास, पाटलास व मजुरास सारखा असतो. गावच्या दुकानदारांनी हे मनावर घ्यावे. चेहरा पाहून भाव सांगणे सोडावे, आणि उधारीची वही गिऱ्हाइकासमोर उघडी ठेवून दर महिन्यास वाचून दाखवावी. त्यांच्या हाती मोठ्या दुकानाचा खप येणार नाही. परंतु विश्वास येईल, आणि तो खपाचा अर्धा भाऊ आहे.

आता गरिबाने काय करावे? 'आम्हांला पै-पै मोलाची. न्यायाच्या गोष्टी पोट भरलेल्यांनी कराव्यात' असे एखादी विधवा बहीण म्हणेल, तर तिला आम्ही उलट उत्तर देणार नाही. तिने जेथे स्वस्त मिळेल तेथे घ्यावे. त्यात पाप नाही. मात्र हिशेब पुरता करावा. दोन हजारांच्या मालावर शेकडा आठ सूट मिळाली तर एकशे साठ रुपये वाचतात. त्यातून जाण्यायेण्याचे भाडे साठ रुपये गेले, आणि नको असलेली एक वस्तू शंभराची घेतली, तर हाती काय उरले? काहीच नाही, उलट एक दिवसाची मजुरी बुडाली. एकेकट्याने जाण्यापेक्षा पाचदहा घरांनी मिळून यादी करावी, व एकाने सर्वांचा माल आणावा.

असे मिळून घेणे ही नवी कल्पना नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस सभासदांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, एकेक पौंड शिल्लक टाकून एक लहानसे दुकान उघडले; त्यात पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ असा थोडाच माल होता. त्यांचे नियम साधे होते: माल निर्भेळ, वजन पुरते, भाव बाजाराचा, व्यवहार रोखीचा. वर्षाचा नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. उधारी त्यांनी कठोरपणाने नव्हे, तर कर्जात पिचलेल्या आपल्याच भावांच्या अनुभवाने बंद केली. आमच्या प्रांतात १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी अपना बाजार काढला. पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासद घरांनी गट करून, दरमहा यादी देऊन, घाऊक भावाचा माल आपसांत वाटून घेण्याची पद्धत चालविली. ह्या लोकांनी स्वस्ताई कोणाच्या वाट्यातून काढली? कोणाच्याही नव्हे; आपल्याच शिस्तीतून व श्रमांतून काढली. आमच्या गावांतील बचत गटांच्या बहिणींस हे अशक्य आहे काय? गावच्या दुकानदारासच त्यात घेऊन, 'वीस घरांची यादी आम्ही देतो, पैसे आगाऊ देतो, तू घाऊक आण व शंभरामागे एवढेच ठेव' असे ठरविले, तर त्याची उधारीची काळजी व आपली महागाईची तक्रार ह्या दोन्ही एकदम हलक्या होतील.

सरकारी धान्याच्या दुकानावर 'रास्त भाव दुकान' अशी पाटी असते. आता २०२३ पासून पात्र कुटुंबांस तेथे धान्य मोफत मिळते, तरी पाटीवरचे शब्द तेच आहेत, आणि ते चांगले आहेत. पाटी लिहिणाऱ्याने 'स्वस्त' असे न लिहिता 'रास्त' असे लिहिले. स्वस्त भाव म्हणजे जो मला बरा. रास्त भाव म्हणजे जो पिकविणारा, करणारा, वाहणारा, विकणारा व घेणारा ह्या सर्वांसमोर उघड सांगता येतो, आणि ज्याची कोणास लाज वाटत नाही.

तेव्हा, प्रिय वाचकहो, मोठ्या दुकानात जाऊ नका असे आमचे सांगणे नाही, आणि गावच्या दुकानदारास डोळे मिटून अधिक पैसे द्या असेही नाही. आमचे सांगणे एवढेच की पुढचा पगार हातात आला, भाताची पट्टी मिळाली, किंवा दुधाचा हिशेब झाला, म्हणजे पिशवी घेऊन शहराच्या गाडीत बसण्यापूर्वी गावच्या दुकानाची पायरी चढावी, वही उघडावयास सांगावी, आणि आपल्या नावापुढची रक्कम आधी चुकती करावी. मग उरलेल्या पैशांनी जेथे वाजवी मिळेल तेथे खुशाल घ्यावे. ज्याने देणे दिले आहे, त्याला सूट घेण्याचा हक्क आहे. ज्याने दिलेले नाही, त्याच्या पिशवीतील स्वस्त साखरेत शेजाऱ्याच्या मुलांचा वाटा आहे.